अण्णांची ट्यूबलेस चाकं

आमच्या चुलत सासऱ्यांच्या हातून उभ्या आयुष्यात एकही चूक झाली नाही. जे काही चुकलं ते सायकलीचं चुकलं. कामावर उशीर झाला तर साखळी ढिली होती, कोथिंबीर आणायची राहिली तर कॅरियरची स्प्रिंग गेली होती, आणि एकदा ते एका लग्नाला चक्क दुसऱ्या दिवशी जाऊन पोचले, तेव्हा उतरवलेल्या मांडवापाशी उभं राहून त्यांनी आधी पुढच्या चाकाकडेच संशयाने पाहिलं म्हणतात. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. आमचं सासर म्हणजे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी बंगलोरात येऊन तिथलंच झालेलं घराणं. मराठी बोलता बोलता ही माणसं कन्नडच्या गल्लीत शिरत आणि पलीकडून पुन्हा मराठीत बाहेर येत. मी पुण्याहून नवी नवरी म्हणून राजाजीनगरच्या त्या घरात पाऊल टाकलं, तेव्हा बाकीच्यांनी मला स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असं विचारलं. अण्णांनी विचारलं, "पुण्यात सगळे सायकल चालवतात म्हणे. उतारावर आधी कुठला ब्रेक दाबतेस?" मी म्हटलं, "दोन्ही." "सरी," म्हणजे ठीक, असं ते म्हणाले, आणि तेवढ्यावर मी त्या घरात पास झाले.

त्यांचा स्वभाव असा का, याचं उत्तर त्यांच्या नोकरीत होतं. एका सरकारी कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. यंत्राचा भाग हातात घ्यायचा, उजेडात धरायचा, त्यात खोट शोधायची आणि तो परत पाठवायचा, हेच त्यांनी तीस-एक वर्षं पगार घेऊन केलं होतं. ती सवय घरी आल्यावर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. इडली फुगली नाही तर ते इडलीला काही म्हणत नसत, कुकर उचलून त्याच्या बुडाकडे पाहत. माझ्या पुणेरी जिभेला हे आयतंच सापडलं होतं, पण खरं सांगायचं तर मला ते माणूस फार आवडायचं, कारण ते वस्तूंना नावं ठेवत पण माणसांना कधीच ठेवत नसत. वाह्यात जावयापासून उधळ्या भाच्यापर्यंत कुणाचाही विषय निघो, अण्णा म्हणायचे, "मुलगा चांगला आहे, त्याची स्कूटर वाईट आहे."

त्यांची सायकल साधीसुधी नव्हती. बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, अंगठ्याएवढी सीट, आणि मुक्काम दिवाणखान्यात. पाहुण्यांना बसायला खुर्ची कमी पडली तर पाहुणे उभे राहत, पण सायकल हलत नसे. तिचं वजन कमी करण्याचा त्यांना ध्यास होता. घंटी काढली, स्टँड काढला, मडगार्ड काढले, आणि हे सगळं काढून झाल्यावर दोन मसाला डोसे आणि वर केशरी भात खाऊन ते फिरायला निघत. "अण्णा, मग वजन कुठे कमी झालं?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "पुण्याच्या बाई, ते वजन माझं. सायकलीचं नव्हे."

या सगळ्या खटाटोपाला एकच कारण होतं: नंदीचा डोंगर. देवनहळ्ळीच्या पुढे तो डोंगर लागतो, आणि त्याच्या वळणावळणांच्या रस्त्याने एकदाही पाय जमिनीला न लावता वरपर्यंत सायकल चढवायची, ही अण्णांची इच्छा होती. लग्नाआधी आपण एकदा चढलो होतो, असं ते सांगत. आमच्या चुलत सासूबाई, ज्यांना अख्खा रस्ता अक्का म्हणायचा, शाळेत गणित शिकवत. त्या म्हणायच्या, "उत्तर दिलंत, रीत दाखवली नाहीत. मी मार्क देणार नाही." गेली कित्येक वर्षं अण्णा थंडीत एखाद्या रविवारी जायचे आणि दुपारी धुळीने माखून परत यायचे. एका वर्षी पेडल सैल होतं, एका वर्षी सीट पुढे कलली, एका वर्षी गिअरची तार अडकली. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते, आणि त्याच्या आत अक्कांच्या डोळ्यांदेखत तो डोंगर चढायचाच, असं त्यांनी ठरवलं होतं. गुडघे कुरकुरायला लागले होते, हे ते कुणाला सांगत नसत, पण जिना उतरताना कठड्याला धरलेल्या हातावरून आम्हाला कळायचं.

आता सायकलीत दोष देण्यासारखं एकच उरलं होतं, ते म्हणजे चाकं. माझे मोठे दीर तेव्हा नोकरीनिमित्त जर्मनीत होते. कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथमध्ये जाऊन अण्णा त्यांच्याशी बोलले, म्हणजे बूथची काच असूनही अख्ख्या चौकाने ते संभाषण ऐकलं. महिन्याभराने दिरांच्या एका स्नेह्याबरोबर पुठ्ठ्यात गुंडाळलेली दोन चाकं आली. रिम चांदीसारखी, टायर करंगळीइतके बारीक आणि रिमला घट्ट चिकटवलेलेच. अण्णांनी ती मांडीवर घेतली आणि जाहीर केलं, "ट्यूबलेस!" त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मोटारींना परदेशात असे टायर असतात, आता सायकलीलाही आले, आणि सबंध राजाजीनगरात ही पहिलीच जोडी. "ट्यूबच नाही, तर पंक्चर कुठून होणार? मूळच नाही, तर फांदी कुठली?" हा सिद्धांत त्यांनी दूधवाल्याला, पोस्टमनला आणि लाइटचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही समजावून दिला. नवी चाकं जुन्यांपेक्षा तसूभर लहान निघाली, त्यामुळे ब्रेकचे रबर रिमऐवजी टायरला घासू लागले. ते खाली सरकवले. हवा भरायचा व्हॉल्व्ह चिमणीच्या चोचीएवढा निघाला, आमचा पंप त्याला बसेना. अण्णांनी कारखान्यातल्या दोस्ताकडून त्यासाठी पितळेची नळी करून आणली. आणि शेवटी, आता काय गरज, असं म्हणत घरातला पंक्चरचा डबा समारंभपूर्वक शेजारच्या गौडांना देऊन टाकला.

नंदीला जायच्या आठवड्यात, एका सकाळी ते सरावाला गेले आणि मागच्या दाराने परत आले. सायकल खांद्यावर होती. दिवाणखान्यात नेहमीच्या जागी ती उभी करून त्यांनी तिच्यावर चादर घातली. अक्कांनी विचारलं, तर म्हणाले, "थंड हवेत चाकांना स्वल्प विश्रांती लागते." दुपारपर्यंत ती विश्रांती घेत होती. मग अक्कांनी चादर उचलली. मागचं चाक बसलं होतं आणि बाभळीचा काटा अजून टायरमध्येच होता.

अण्णा सांगत होते, की हे पंक्चर नव्हे, हा हवेचा दाब कमी झाला आहे. अक्कांनी टायर एका बाजूने ओढून रिमपासून सोडवला. आतल्या अंगाला चिकटवलेली एक पट्टी होती, तिच्या कडेतून टाके दिसत होते.

"हे शिवलेलं आहे," अक्का म्हणाल्या.

"मजबुतीसाठी," अण्णा म्हणाले.

"अहो, उशी शिवतात ती कापूस भरून. पिशवीचं तोंड शिवतात ती आत तांदूळ घालून. रिकामं कोण कशाला शिवेल? आत काहीतरी आहे." असं म्हणून त्यांनी चष्मा लावला, शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली, पट्टी सोडवून काट्याच्या जागी चार-सहा टाके कापले, आणि आतून दोन बोटांनी हळूच ओढून काढली, गुलाबी, पातळ, जिवंत मासोळीसारखी ट्यूब!

मग अक्का म्हणाल्या, "बघा हं. ट्यूब होती. पेटलीच काय ती नव्हती." मी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले. बाहेर अण्णा सांगत होते, की तांत्रिकदृष्ट्या ही ट्यूब नसून हवा धरणारी आतली पिशवी आहे, आणि ती अशी लपवून विकणं हा सरळसरळ कारखानदाराचा दोष आहे. पुढे दीर सुट्टीवर आले तेव्हा कळलं, की ते फोनवर 'ट्यूब्युलर' म्हणाले होते, म्हणजे ट्यूब पोटात घालून शिवून टाकलेला टायर. अण्णांच्या मते दोष बूथच्या लाइनचा होता.

पण त्या दिवशी प्रश्न हसण्याचा नव्हता, रविवार तोंडावर आला होता. गौडांकडून पंक्चरचा डबा परत मागून आणायचं काम माझ्याकडे आलं. गौडा डबा देताना डोळे मिचकावून म्हणाले, "याके अम्मा, ट्यूबलेस अल्लवा?" आता यातून 'का हो बाई, ट्यूबलेस ना?' याखेरीज दुसरा कुठला अर्थ निघणार! मी मान खाली घालून परत आले. अण्णांनी ट्यूबला ठिगळ लावलं, अक्कांनी गोधडीच्या जाड दोऱ्याला मेण लावून टायर शिवला. त्या शिवत होत्या आणि अण्णा समोर बसून दोरा ताणून धरत होते. एवढी वर्षं त्या सायकलीला सवत म्हणत आलेल्या बाई तिचा टायर मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

रविवारी अण्णा उजाडता उजाडता निघाले. मागून आम्ही तिघं, मी, माझे यजमान आणि अक्का, आमच्या जुन्या मोटारीतून. देवनहळ्ळीला त्यांना गाठलं, तिथे इडली-कॉफी झाली, अक्कांनी रस्त्याकडेच्या बाईकडून दोन पपनसं घेतली. मग आम्ही पुढे जाऊन डोंगरावरच्या शेवटच्या वळणाच्या वर कठड्यापाशी उभे राहिलो. खालची वळणं तिथून दिसत होती. बऱ्याच वेळाने एक ठिपका दिसला, झाडांत गेला, पुन्हा दिसला. तो फार सावकाश येत होता, पण थांबत नव्हता. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "टायर टिकला," एवढंच त्या म्हणाल्या. अण्णा आमच्या नजरेच्या टप्प्यात आले, खाली मान, भिजलेला सदरा, आणि मी ओरडायला तोंड उघडणार तोच शेवटच्या वळणावर सायकल डुगडुगली आणि त्यांचा डावा पाय जमिनीला लागला.

आम्ही खाली धावलो. ते सायकल धरून उभे होते. त्यांनी मागचा टायर दाबून पाहिला, साखळी पाहिली, ब्रेक पाहिला. आम्ही दोष कुठला निघतो याची वाट पाहत होतो. अण्णा सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "सायकलीत काही नाही. स्वल्पसुद्धा नाही. चाकं फार चांगली आहेत." मग म्हणाले, "माझंच संपलं." इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

अक्का पुढे झाल्या. खाली वाकून मागच्या टायरवरून त्यांनी बोटं फिरवली, एका जागी थांबवली, आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "हे बघा. इथे माझी शिवण जाड आलीय. प्रत्येक फेऱ्याला गचका बसत असणार. वळणावर तोल जाणारच की! तुम्ही काय करणार?"

अण्णा त्यांच्याकडे पाहत राहिले. मग टायरकडे पाहिलं. "असेल," ते म्हणाले. "मलाही मघापासून चाक स्वल्प उचकल्यासारखं वाटत होतं." आणि हळूहळू त्यांचा चेहरा पहिल्यासारखा झाला. दोघं सायकल ढकलत वरपर्यंत चालत गेले, एका बाजूने ते, एका बाजूने त्या. वर कठड्यावर बसून आम्ही पपनस सोललं. परत निघताना सायकल टपावर चढवली तेव्हा मी त्या टायरवरून हात फिरवला. कुठे साधा उंचवटासुद्धा नव्हता.

पुढच्या वर्षी अण्णा निवृत्त झाले. त्यानंतर दर थंडीत ते म्हणायचे, "अगं, ती शिवण तेवढी नीट करून दे, मग जाऊ नंदीला." अक्का म्हणायच्या, "देते हं, पेपर तपासून होऊ देत." पेपर तपासून व्हायचे, थंडी सरायची, सायकल दिवाणखान्यातच उभी असायची. त्या टायरला काही झालेलं नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं, आणि ते दोघांनीही एकमेकांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.