साडूंचं नाक

कांदिवली ते बोरिवली या पट्ट्यात माझ्या थोरल्या साडूंच्या नाकाइतकं खात्रीचं नाक दुसरं झालं नाही, असं मी आजही शपथेवर सांगेन. त्या नाकात दुर्बीण घालायला भाग पाडणारा माणूस मीच, हेही लगेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात जरा हलका राहील.

साडू मालवणकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते. साडूंनी मात्र उभी नोकरी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, एका मसाल्याच्या कारखान्यात केली. मिरच्या-धण्यांची पोती आली की मालक आधी यांना बोलवायचा. हे पोत्यात मूठ घालायचे, मूठ नाकाशी न्यायचे आणि "ह्या पोत्याक पाणी लागलाहा" म्हणून पुढे सरकायचे. ट्रकवाला कितीही हुज्जत घालो, पोतं परत जायचं. बाजारात कोळणी त्यांना लांबून पाहूनच टोपलीवर फडकं ओढायच्या. "दादा, डोळ्यांनी बघा, नाक नका आणू," असं एकीने त्यांना तोंडावर सांगितलेलं मी ऐकलं आहे. आमच्या घरी आले की चपला काढता काढता कालचा स्वयंपाक सांगायचे. मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाही ते थोरले जावई म्हणून शेजारी बसले होते. मी नमस्कार करून टेकतो न टेकतो तोच सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "मुलगो सिगारेट ओढता. पण बडीशेप खावन इलो. लाजता म्हणजे बरो आसा." माझं लग्न त्या नाकाने जमवलं, असं आमची ही अजून म्हणते.

हे नाक काही वर्षांपूर्वी बंद पडलं आणि आम्हांला कोणालाच कळलं नाही. कळलं ते एका सकाळी. साडूंनी चहासाठी दूध ठेवलं, ते उतू जाऊन गॅस विझला, आणि साडू तिथेच शेगडीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसून राहिले. ताई, म्हणजे माझी मेहुणी, भाजी घेऊन आल्या तेव्हा जिन्यापर्यंत वास आला होता. त्यांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग भाजीच्या पिशवीसकट खाली बसल्या. साडू म्हणाले, "काय झाला?" ताईंनी मला फोन केला तो रडतच.

मी साडूंना डॉक्टरांकडे नेलं. स्कॅनमध्ये नाकाशेजारच्या सगळ्या पोकळ्या भरलेल्या निघाल्या. आत द्राक्षांच्या घडासारखे मऊ कोंब वाढले होते. दुर्बिणीतून काढता येतील, डॉक्टर म्हणाले. पण डोळा आणि मेंदू तिथून एका पातळ हाडापलीकडे, त्यामुळे जोखीम नाही असं म्हणणार नाही. वास परत येईल याचीही हमी नाही. साडूंनी शांतपणे ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "डोळो गेलो तर मासे बघूचे कशे, आणि वास नाय इलो तर घेवचे कशे? नाक माझां आसा रे मेल्या, तुझां न्हय." पुढचे किती दिवस मी फोनवर त्यांच्या मागे लागलो होतो. शेवटी म्हणालो, "दादा, त्या दिवशी ताई उशिरा आल्या असत्या आणि आल्या आल्या दिव्याचं बटण दाबलं असतं तर?"  मग "बरा" एवढंच पलीकडून आलं. त्या 'बरा'पासून माझी झोप गेली. आता डोळ्याला काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं.

ऑपरेशनची तयारी त्यांनी स्वतःच्या पद्धतीने केली. रक्त पातळ करणारी गोळी बंद करायची होती, ती केली. नंतर नाकात बोळे असतील, तोंडाने श्वास घ्यावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून हे आधीपासून नाकाला कपड्यांचा चिमटा लावून बसू लागले. फोन केला तर भलताच आवाज. "सराव करतंय," म्हणायचे. ताई मागून ओरडायच्या, "अहो, दारात दूधवाला उभा आहे, चिमटा काढा."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काहीही खायचं-प्यायचं नव्हतं. पण देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमचे साडू रिक्षाही बदलत नाहीत. हॉस्पिटलच्या फाटकाशी छोटा गणपती आहे. तिथे नारळ ठेवून त्यांनी खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकराच्या नाकात डागदर दुर्बीण घालतत, ती सरळ जांव दे." आम्ही म्हणालो, "व्हय म्हाराजा." "डोळ्याक धक्को लागू नको." "व्हय म्हाराजा." तोवर वॉचमन, रिक्षावाला आणि कोणाचा तरी डबा घेऊन आलेल्या एक बाई, सगळेच व्हय म्हाराजा करू लागले होते. नारळ फुटला. मी खोबऱ्याचे तुकडे करून वाटले. समोर आलेल्या प्रत्येक हातावर एकेक.

लिफ्टमध्ये माझं लक्ष त्यांच्या जबड्याकडे गेलं.

"दादा, तुम्ही काय चावताय?"

"परसाद."

मीच दिला होता. उजवा हात पुढे आला, मी त्यावर तुकडा ठेवला, त्यांनी तो डोळ्यांना लावून तोंडात टाकला. आमच्याकडे प्रसादापुढे कोणी विचार करत नाही, हात आणि तोंड आपापसात उरकून टाकतात. ताई भिंतीला टेकल्या. साडू घास गिळून म्हणाले, "कोणाक सांगूचा नाय. एवढासा खोबरा तां, जेवाण न्हय."

लिफ्टचं दार उघडेपर्यंत माझ्या मनात एकच पेच होता. सांगितलं तर ऑपरेशन पुढे जाणार, आणि हा माणूस एकदा घरी गेला की परत येणार नाही. न सांगितलं तर भूल दिल्यावर ते खोबरं उलटून श्वासनळीत जाणार. मी सरळ भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि म्हणालो, "चूक माझी आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि साडूंचं नाव यादीत सगळ्यांत शेवटी टाकलं. साडू घरी गेले नाहीत. पण तो सगळा दिवस ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून उपाशी पडून होते. माझ्याशी बोलायचं असलं की ताईंना सांगायचे, "त्याका म्हणा, पंखो कमी कर."

संध्याकाळी त्यांना आत नेलं. ताई माळ ओढत होत्या. मी दाराच्या काचेतून काही दिसतं का पाहत होतो, दिसत काहीच नव्हतं. बाहेर आणलं तेव्हा नाकाखाली पट्टी होती आणि डोळे मिटलेले. मी दोन बोटं धरून विचारलं, "दादा, किती?" त्यांनी कष्टाने डोळे उघडले, आधी बोटं पाहिली, मग मला. "दोन," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "सकाळचा खोबरा उरलाहा काय रे?"

घरी आल्यावर नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, उंच उशांवर झोपायचं आणि शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, असे नियम होते. साडू शिंक येताना दिसली की खिडकीत जाऊन उभे राहायचे आणि आ वासून अशी द्यायचे की समोरच्या इमारतीतली कबुतरं उडायची. रोज कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं होतं. त्यातही यांचा ताईंना शेरा असायचा, "सोलकढीत घालूक विसरलंस ता मीठ सगळा हयसर घातलंस." डोळा ठीक होता, आत सगळं भरून येत होतं. फक्त वास येत नव्हता. मी रोज फोन करून विचारायचो, "आला का?"

आणि एके दिवशी ते म्हणाले, "इलो. वरच्या माळ्यावर बांगडो तळतत." मी ऑफिसात पेढे वाटले. मग रोजच बातमी येऊ लागली. आज समोर डाळीची फोडणी, आज खाली बोंबील. मी झोपू लागलो.

एका बुधवारी दुपारी मी न सांगता गेलो. साडू दारातच म्हणाले, "ये. खालच्यांचे बोंबील झकास तळलेहत आज." मी येताना खालच्या दाराला कुलूप पाहिलं होतं. ते कुटुंब गावी गेलं होतं. खाली बुधवारी बोंबील असतात, वर शुक्रवारी बांगडा असतो, हे त्यांना वर्षानुवर्षं पाठ होतं. नाक बंद पडलं तेव्हाही याच पाठांतरावर त्यांनी आम्हांला फसवलं होतं. ताईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्यासाठी बोलतात हो ते. 'त्याका झोप नाय, त्याका कित्याक लटकावन ठेवचा,' म्हणतात." मी बाहेर येऊन बसलो आणि म्हणालो, "हो दादा, मस्त वास सुटलाय." त्यानंतर मी विचारणं बंद केलं. ताईंनी गॅसजवळ वास ओळखून वाजणारं यंत्र बसवून घेतलं, त्यालाही साडू "ह्यो माझो धाकटो भाव" म्हणायचे.

पावसाळा संपता संपता त्यांनी आम्हांला जेवायला बोलावलं. डोळा वाचला म्हणून देवाला नारळ द्यायचा होता. गाऱ्हाणं झालं, व्हय म्हाराजा झालं. नारळ मीच फोडला. वाटी पांढरीशुभ्र. मी तुकडे केले आणि पहिला त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांना लावला, आणि तोंडाकडे नेताना हात नाकापाशी थांबला.

 तुकडा पुन्हा नाकाशी नेला, डोळे मिटून घेतले. मग एरवी घरभर ऐकू जाईल असं बोलणारे साडू फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "खवट आसा रे."

मी माझा तुकडा चावला. पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मग अगदी शेवटी, जिभेच्या मागे, खवटपणा आला.

ताई आतून विचारत होत्या, "नारळ कसा निघाला?"  साडूंनी तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिले. मी त्यांच्यापुढे हात पसरला. त्यांनी वाटीतून आणखी एक तुकडा काढला, वास घेतला आणि माझ्या हातावर ठेवला.