लॅपटॉपचा जंपर

मी तीस वर्षं वायरमन होतो. फॉल्ट शोधण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, हा माझा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. त्यामुळे गेल्या दसऱ्यानंतर नंदुरबारच्या एका दुकानात तिथल्या माणसाने आमचा लॅपटॉप एकदा चालू करून बघितला, स्क्रूला हातसुद्धा लावला नाही आणि "बोर्ड गेला" म्हणून मोकळा झाला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. अहो, पोलवर न चढता लाईन तपासली असं मी कधी म्हटलं असतं तर साहेबांनी मला घरी बसवलं असतं.

लॅपटॉप मूळचा मुलीचा, कॉलेजातला. तिला पुण्यात नोकरी लागली, नवा मिळाला आणि जुना माझ्या बायकोकडे आला. बायको वयाच्या चोपन्नाव्या वर्षी बाहेरून मराठीत एम. ए. करत होती. शेवटचा प्रकल्प राहिला होता. मिरचीच्या पथारीवर, म्हणजे लाल मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या जागेवर, देठं खुडणाऱ्या बायका आपसात कोणते शब्द वापरतात, हा तिचा विषय. आदला अख्खा हिवाळा ती त्या बायकांमध्ये जाऊन बसली. शिंकत, डोळे पुसत, मांडीवर लॅपटॉप घेऊन एका बोटाने एकेक शब्द टाईप केला. मी थट्टा करायचो की मिरची तू खुडतेस की अक्षरं. ती टाईप करत राहायची.

सोमवारी प्रकल्प द्यायचा होता आणि शुक्रवारी सकाळी लॅपटॉप उठेना. बटण दाबलं की दिवा लागे, पंखा फिरे आणि मग एक लांब 'टीं' सुरू होई ती थांबतच नसे. पडदा काळाच. मुलगी वर्षभर सांगत होती की सगळं पेनड्राइव्हवर घेऊन ठेव. आज ठेवू, उद्या ठेवू करत राहून गेलं होतं.

दुकानदाराने विचारलं, हा मिरचीत नेला होता का? बायकोने होकाराची मान हलवली. मग तीच धूळ आत गेली, म्हणाला. लिहिलेलं काढायचं तर सुरतला पाठवावा लागेल, आठ-दहा दिवस जातील आणि निघेलच याची खात्री नाही. परत येताना रिक्षात ती लॅपटॉप पोटाशी धरून बसली होती. रनाळ्याच्या फाट्यावर आलो तेव्हा स्वतःलाच दोष देत हळूच आमच्या अहिराणीत म्हणाली, "आख्खं लिखेल यामाच शे. मन्हामुयेच बिघडनं."

मला तो दुकानदार आणखीच आवडेनासा झाला.

शनिवारी दुपारी ओट्यावर जुनं धोतर अंथरलं आणि लॅपटॉप उलटा टाकला. लाईनीवर पहिला नियम असा की सप्लाय आहे का ते बघायचं. चार्जरला मीटर लावला, सप्लाय नीट होता. बॅटरी काढून बटण बराच वेळ दाबून धरलं, टीं. मुलीने फोनवर सांगितलं म्हणून आतली मेमरीची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबराने घासले, तरीही टीं. मग लिहिलेलं जिच्यात असतं ती डिस्कच बाहेर काढून ठेवली आणि बटण दाबलं. तीच टीं. मला इतका आनंद झाला की मी मांडीवर थाप मारली. डिस्क नसतानाही बोंब तीच, म्हणजे फॉल्ट डिस्कमध्ये नव्हता.

"तुन्हं लिखेल कोठेच जायेल नही," मी बायकोला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, पण ती चहा टाकायला उठली.

आता फॉल्ट कुठे? लांब लाईन वारंवार ट्रिप होत असेल, म्हणजे आपोआप बंद पडत असेल, तर आम्ही काय करायचो, मधल्या पोलवर चढून जंपर खोलायचो. जंपर म्हणजे लाईनीचे दोन तुकडे जोडणारी तार. ती सोडली की लाईन अर्धी होते. अर्धी लाईन टिकली तर फॉल्ट पुढच्या अर्ध्यात. इतकं सोपं आहे, पण चढावं लागतं. मी डिस्क परत बसवली आणि लॅपटॉपमध्ये एकेक जंपर शोधून सोडत गेलो. शेवटी कीबोर्डची चपटी, कागदासारखी पट्टी सोडली आणि बटण दाबलं.

टीं आली नाही. पडदा उजळला. मी विजयी मुद्रेने बायकोला हाक मारली. लॅपटॉप पासवर्ड मागत होता आणि टाईप करायला कीबोर्ड नव्हता, एवढीच काय ती अडचण.

म्हणजे एखादी कळ आत दबून बसली होती. चष्मा लावून मी सगळ्या कळा बघितल्या, मला सगळ्या सारख्याच. बायकोने मला बाजूला केलं. जन्मभर सुपात तांदूळ निवडलेली तिची बोटं कीबोर्डवरून फिरली आणि एका कोपऱ्यात थांबली. केसातली पिन काढून तिने ती कळ अलगद उचलली.

"हाऊ देखा, तांदूयना दाना."

दाणा लाल होता. कुंकवाने. मग तिने माझ्याकडे बघितलं.

रिटायर झालो तरी खंडेनवमीला माझी पक्कड, टेस्टर आणि कमरेचा पट्टा पाटावर मांडून मी पूजा करतोच. या वेळी त्या रांगेत तिचा लॅपटॉप मी ठेवला होता. कोणी सांगितलं नव्हतं. मनात आलं की हेही हत्यारच आहे, आणि आमच्या घरातलं आता हेच खरं कामाचं. ओल्या अक्षता मीच टाकल्या, झेंडूचं फूल वाहिलं, झाकण मीच दाबून लावलं. संध्याकाळी ती टाईप करायला बसत होती तर पूजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही म्हणून मीच दटावलं. दाणा आत निवांत फुगला.

हे ती विसरली असती तर मी गप्प राहिलो असतो का? एक क्षण तो मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण दोन दिवस ती बाई पथारीवर गेल्याचा दोष स्वतःच्या माथी घेऊन फिरत होती.

"पूजा मी करी व्हती," मी म्हणालो. "तुन्ही मिरचीना काही दोष नही."

ती हसायला लागली ती थांबेना, डोळ्यांना पदर लावला. "तीस वरीस लोकेसना फॉल्ट धुंडात," ती म्हणाली, "आज घरना सापडना."

पट्टी जोडली, पासवर्ड टाकला. तिचं सगळं लिखाण जागच्या जागी होतं. आधी पेनड्राइव्ह भरला, मग चहा प्यालो.

सोमवारी अभ्यासकेंद्रावर मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार उघडं होतं. आतले सर तिचे शब्द एकेक मोठ्याने वाचत होते आणि हा कुठे मिळाला, तो कुठे मिळाला विचारत होते, आणि माझी बायको त्यांना समजावून सांगत होती. एम. ए.च्या सरांना. मी बाकावर ताठ बसलो. तेवढ्यात तिथला शिपाई, आमच्याच गावाकडचा, मला बघून थांबला. वायरमनसाहेब इथे कसे, काही बिघडलंय का, असं त्याने विचारलं.

"आज मी वायरमन नही," मी आत बायकोकडे बोट दाखवून म्हणालो. "मी हिना घरवाला शे."