जंगलाचा राजा, दोन अक्षरी

शब्दकोडं मी पेनाने सोडवते. पेन्सिल घेऊन बसणाऱ्यांवर माझा राग नाही, पण खोडायची सोय आधीच करून ठेवणाऱ्याने कोड्याच्या नादी लागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी आयुष्यभर नर्सची नोकरी केली. इंजेक्शन टोचल्यावर 'थांबा, चुकलं, पुसून टाकते' असं कुणाला सांगता येत नाही. ती सवय हातात राहिली.

आमच्या नागभीडला नागपूरचा पेपर सकाळी येतो. तो अंगणात पडला की मी पहिलं पान बघत नाही. पुढाऱ्यांनी काल काय केलं ते दुपारी वाचलं तरी चालतं, त्यांचं काही नासत नाही. मी चहाचा कप घेऊन थेट कोड्याच्या पानावर जाते. आडवे आधी, उभे नंतर. कोडं सुटलं की ते मी कापून ठेवते आणि पेपर शेजारच्या बाईकडे जातो. तिला राशीभविष्य लागतं. तिची रास मलाही पाठ झाली आहे, कारण ती कुंपणापलीकडून मोठ्याने वाचते.

लोकांना वाटतं, म्हातारीचा वेळ जातो. वेळ जायला मला कोडं कशाला हवं? अंगणात बसलं की वेळ आपोआप जातो. मला आवडतं ते उत्तरामागचं. एकदा आलं, 'पेरू देशाची राजधानी, दोन अक्षरी'. लिमा. हे मला येतच होतं. पण मग मी वाचनालयात जाऊन नकाशांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि त्या लिमाची सगळी चौकशी केली. समुद्राला लागून गाव, आणि पाऊस म्हणावा असा पडतच नाही. हे मी शेजारच्या बाईला सांगितलं. ती सूप हातात धरून थबकली.

"पाऊस नाई? मंग तिथचे लोकं धान कसं रोवत असतीन वं बाई?"

आमच्याकडे जगातल्या कुठल्याही गावाची चौकशी शेवटी धानापाशीच येते.

कधी उलटंही होतं. 'पाणी, दोन अक्षरी' असं आलं की कोड्याला जल नाही तर नीर हवं असतं. माझ्या मनात मात्र पहिल्यांदा 'येर' येतं. एटापल्लीकडच्या दवाखान्यात होते तेव्हा बाळंतपणाला आलेल्या बाया हाच शब्द बोलायच्या. गोंडी मी पुस्तकातून शिकले नाही, कळा देणाऱ्या बायांच्या तोंडून शिकले. पुढे सिरोंच्याला बदली झाली तर तिथे तेलुगूत तेच पाणी 'नीळ्ळु' झालं. दोन चौकटींत 'जल' लिहिताना मला या सगळ्या बाया दिसतात. कोडं रचणाऱ्याला हे कुठून माहीत असणार?

पण एका प्रश्नाच्या बाबतीत मी ऐकत नाही. 'जंगलाचा राजा, दोन अक्षरी'. हा प्रश्न फिरून फिरून येतो आणि कोडं रचणाऱ्याला तिथे सिंह हवा असतो. हा मनुष्य ताडोब्याच्या जंगलाकडे कधी आला नसावा. मोहर्लीच्या गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागते ती कोणाला बघायला? आमच्या जिल्ह्यात सिंह फक्त अंगणवाडीच्या भिंतीवर असतो, आणि तिथेही पेंटरने त्याला पट्टे काढलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. वाचनालयातल्या पेपरात हा प्रश्न आला की तिथला प्रत्येक जण न अडखळता 'वाघ' लिहितो आणि मग खालचे शब्द जमेनात म्हणून डोकं खाजवत बसतो. मला उत्तर माहीत आहे. तरीही मी वाघच लिहिते. मुद्दाम. त्यामुळे 'ह'च्या जागी 'घ' पडतो आणि खाली उतरणाऱ्या हरणाचं 'घरण' होतं. माझ्या कोड्यांत घरण नावाचा चपळ, शिंगवाला प्राणी बऱ्याचदा येऊन गेला आहे. कोणाचं काही अडलं नाही.

अडलं ते गेल्या दिवाळीनंतर.

धानकापणीचे दिवस होते. सकाळी मी गॅसवर भात ठेवला आणि तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला. वस्तीमागच्या धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, उभ्या धानात वाघ बसला होता. आमच्याकडे 'वाघ आला' म्हटलं की लोक घरात शिरत नाहीत, घराबाहेर पडतात. मोबाइल वर धरून सगळी वस्ती तिकडे धावली. बाया, पोट्टे, सगळे. मी नोकरीत असताना वाघाने धरलेली माणसं पाहिली आहेत, त्यांना टाके घालायला हात लावला आहे. मी तशीच निघाले. धुऱ्यावर उभी राहून ओरडले, एकेकाला मागे ओढलं, एकाच्या तर पाठीत धपाटा घातला. वनखात्याचे लोक येईपर्यंत मी हललेच नाही. वाघ बिचारा कंटाळून निघून गेला. घरी आले तर भाताचा कोळसा झाला होता आणि स्वयंपाकघरात धूर भरला होता.

दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, माझा मुलगा पुण्याहून आला. एकुलता एक. शिक्षणासाठी गेला तो तिकडेच नोकरीला लागला, तिथलाच झाला. त्याने मागच्या अंगणात राखेत घातलेलं काळं पातेलं पाहिलं. मी सगळं रंगवून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "आई, वाघ येतो हे मलाही माहीत आहे. पण गॅस बंद करायला किती वेळ लागतो गं?"

मी ते पातेलं ओढून घासायला घेतलं. मी उलट बोलले नाही म्हणजे काहीतरी गंभीर आहे, असं त्याने धरलं. नेमका त्याच आठवड्यात राजाचा प्रश्न येऊन गेला होता. त्याने टेबलावरची कोडी चाळली आणि 'घरण'वर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"हरीण हाये ते."

"मग घरण का लिहिलंय?"

"कारण वरते वाघ हाये."

माझ्या दृष्टीने हे उत्तर अगदी सरळ होतं. त्याचा चेहरा मात्र उतरला. संध्याकाळी तो अंगणात जाऊन सुनेशी फोनवर हळू आवाजात बोलत होता. 'एकटी ठेवणं आता बरं नाही' एवढं मला ऐकू आलं. माझे कान शाबूत आहेत, हे तो विसरला होता.

मग त्याने सांगितलं. पुण्याला चल, डॉक्टरांना दाखवू. त्यांनी काही काढलं तर तिकडेच राहायचं, इथलं घर बंद करायचं. मी भांडले असते. पण तोंडाने भांडून शाबूत डोकं सिद्ध करता येत नाही, उलटंच होतं. मी म्हटलं, "चाल. पण डॉक्टरनं चांगलं म्हटलं, तं मले परत आणून सोडाचं." तो हो म्हणाला. बल्लारपूरला जाऊन आम्ही गाडी पकडली. वाटभर मी खिडकीशी बसून होते आणि मनात एकच होतं, माझं घर.

डॉक्टर तरुण बाई होती, गोड बोलणारी. सुरुवातीलाच तिने पाच शब्द सांगितले आणि म्हणाली, "आजी, हे लक्षात ठेवा, नंतर विचारीन." मग तारीख, वार, घड्याळाचं चित्र, शंभरातून सात वजा करत जाणं. सगळं झालं. मग म्हणाली, मिनिटभरात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगा.

मी सुरू केलं. वाघ, बिबट, अस्वल, रानगवा, रोही, चितळ, सांबर, भेकर, चौसिंगा, रानडुक्कर, रानकुत्रं, कोल्हा, तडस, साळिंदर, खवल्या मांजर, उदमांजर, मुंगूस, ससा, वानर. बाईचा पेन मागे पडला. शेवटी तिने हात वर केला, "पुरे पुरे. सिंह राहिला की, आजी."

"तो आमच्याइकडे नाई राहत," मी म्हटलं.

ती हसली. मग तिने भाताचं विचारलं; भात आणि घरण, दोन्ही मुलाने आधीच तिच्या कानावर घातलं होतं. कसा करपला?

"वाघ आला होता."

तिचं हसू तिथेच थांबलं. तिने माझ्यावरून नजर काढून मुलाकडे पाहिलं. तो क्षण मला आवडला नाही. म्हाताऱ्या माणसाला ओलांडून बाजूच्याकडे बघतात ना, तसं. मी मुलाकडे पाहिलंच नाही. त्याला हवं ते बोलू दे, म्हटलं.

"खरं आहे, डॉक्टर," तो म्हणाला. "आमच्याकडे येतो वाघ. घराच्या मागे. आई लोकांना हटवायला गेली होती. तिने हटवलं नसतं तर कोणीतरी मेलं असतं." जरा थांबून त्याने आणखी सांगितलं, "आणि ती कोड्यात वाघ लिहिते, तेही बरोबर आहे. आमच्याकडे तोच राजा आहे." मला तिथे आणलं होतं त्यानेच, आणि साक्षही माझ्याच बाजूने देत होता. मला फार बरं वाटलं.

शेवटी तिने ते पाच शब्द विचारले. छत्री, गाजर, शाळा, निळा. पाचवा येईना. मी डोळे मिटले. कोड्यात एखादा आडवा शब्द अडला तर उभे शब्द अक्षर आणून देतात. एका अक्षरावरून माणूस वाट काढतो. इथे काहीच नव्हतं, नुसती मोकळी जागा. मला भीती वाटली. इतक्या वर्षांत वाघाचीही अशी वाटली नव्हती. ती म्हणाली, "पूल." पूल! तो शब्द मी आधी ऐकल्याचंही मला आठवत नव्हतं.

बाईने कागद बाजूला सारले. वयाच्या मानाने उत्तम आहे, म्हणाली. एखादा शब्द जाणं काही विशेष नाही. वर्षातून एकदा दाखवत जा. एकट्या राहू शकतात का, असं मुलाने विचारलं. राहू शकतात, म्हणाली, गॅसकडे लक्ष ठेवा.

मी जिंकले होते. मुलाच्या घरी येऊन मी लगेच बॅग भरायला घेतली. सून ऑफिसला गेली होती. मुलगा पलंगाच्या कडेला बसून माझ्या घड्या बघत राहिला. मला वाटलं, हरला म्हणून रुसला आहे. जरा चिडवावं म्हणून मी विचारलं, "काऊन रे बाबू, डॉक्टरनं मले पास केलं, तं तोंड काऊन उतरलं? मी तुले विसरून जाईन म्हणून भेव वाटून राह्यलं का?"

"नाई," तो म्हणाला. "विसरली तं चालन. मी सांगत जाईन तुले, मी कोण आहो ते." तो खाली बघत होता. "बाबा गेले ते मले फोनवर समजलं. तुयंही फोनवरच समजन. त्याचं भेव वाटते, माय."

किती वर्षांत त्याच्या तोंडून ही बोली ऐकली नव्हती. आणि तो फोन मीच केला होता. नर्सच्या आवाजात, दोन वाक्यांत. मग मी पुढच्या कामाला लागले होते. पलीकडे फोन धरून तो किती वेळ उभा राहिला असेल, हे मला आज पहिल्यांदा दिसलं.

मी बॅग सोडून त्याच्याजवळ बसले. त्याची पाठ चोळली. एवढा मोठा बाप्या, पण पाठ तशीच, लहानपणी ताप यायचा तेव्हाची. घर मी सोडणार नव्हते, ते त्यालाही कळलं होतं. पण डॉक्टरबाईचा होकार खिशात घालून नुसतं निघून जाणंही मला जमेना.

"होळी झाली का येतो मी," मी म्हटलं. "आपल्याइकडचा उन्हाळा असाही सोसत नाई आता. रोवणीपर्यंत राहीन तुयाजवळ. दरवर्षी."

त्याने मान वर केली. डोळे पुसून मोबाइल काढला. "तिकीट काढू? आत्ताच काढतो."

"काढ," मी म्हटलं. "परतीचंही काढ."