एर्सीलियाबाईंची लाल रेघ

कोल्लेव्हितो गावात एर्सीलियाबाईंना न घाबरणारा एकच जीव होता, आणि तो म्हणजे त्यांचं बहिरं मांजर. बाकी पाद्रीबाबा म्हणा, पोस्टातली पोरगी म्हणा, नगराध्यक्ष म्हणा, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. चौतीस वर्षं सरकारी शाळेत इंग्रजी शिकवून बाई निवृत्त झाल्या, तेव्हा गावाने सुटकेचा निःश्वास सोडला. पण तो पुरता सोडून होईपर्यंत बाईंनी नगरपालिकेकडून एक खोली मागून घेतली आणि मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सहा वाजता मोठ्या माणसांचा वर्ग सुरू केला.

लोक घाबरत घाबरत का होईना, यायचे. इटलीतल्या मायेल्ला डोंगराच्या कुशीतल्या या गावात कामधंदा उरला नव्हता. बाहेर पडायचं तर इंग्रजी हवं. कुणाला डब्लिनच्या हॉटेलात जायचं होतं, कुणाला बेडफर्डच्या इस्पितळात. जे नीट शिकत ते निघून जात. "माझा वर्ग म्हणजे बसथांबा आहे," बाई म्हणायच्या. "शिकलात की चढा." हे म्हणताना त्या हसत नसत.

वर्गातली सगळ्यात मोठी लढाई व्हायची ती जर-तरच्या वाक्यांवरून. आपलं मराठी या बाबतीत मोठ्या मनाचं. 'मला ठाऊक असतं तर मी आलो असतो' असं म्हणून आपण दोन्हीकडे एकच रूप लावून मोकळे होतो. कोल्लेव्हितोची बोलीही अशीच, दोन्ही बाजूंना एकच टोपी घालणारी. इंग्रजीला ते खपत नाही. तिथे 'जर'ची टोपी वेगळी आणि 'तर'ची वेगळी. त्यामुळे या मंडळींच्या तोंडून 'वुड' हा शब्द दोनदा निघायचाच, आणि तो निघाला की बाईंची लाल पेन्सिल खाली यायची.

पुस्तकातली वाक्यं त्या घोटून घेत नसत. प्रत्येकाने आपल्या आयुष्यातलं एक जर-तर आणायचं, वहीत लिहायचं आणि उभं राहून वाचायचं. उबाल्दो न्हावी दर वर्षी तेच आणायचा: "माझं लग्न झालं नसतं, तर माझ्या डोक्यावर केस असते." वर्ग हसायचा. बाई लाल रेघ मारायच्या. नियम एकच होता: लाल रेघ असलेलं वाक्य या उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. वाक्य स्वच्छ झालं की बाई आपल्या पत्र्याच्या डब्यातून साखरेत घोळवलेला लाल बदाम काढून हातावर ठेवायच्या. इकडे पदवी मिळाली की असे लाल बदाम वाटतात. डब्लिनला पोचलेली पोरं पत्रात त्या बदामाची आठवण काढायची.

या कडकपणाला कारण होतं. बाई बावीस वर्षांच्या असताना लीड्सला एका घरी मुलं सांभाळायला गेल्या होत्या. तिथे एका दुकानात त्यांनी जुळवून जुळवून एक जर-तरचं वाक्य म्हटलं आणि सगळं दुकान खदाखदा हसलं. काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही. आठ महिन्यांत त्या परत आल्या, पुन्हा कधी गेल्या नाहीत. आपल्या हाताखालून गेलेल्या माणसाला कुणी हसता कामा नये, ही त्यांची तेव्हापासूनची शपथ. शपथ चांगलीच होती. चांगल्या शपथाही माणसाचा घात करतात, हे त्यांना पासष्टाव्या वर्षी कळायचं होतं.

निकोदेमो दि ब्यासे वर्गात आला तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता. गावातला शेवटचा पाथरवट. दफनभूमीतला एकूण एक दगड त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या छिन्नीखालून गेलेला. दगडाच्या धुळीने छाती पार खाल्ली होती. तीन पायऱ्या चढला की तो भिंतीला धरून उभा राहायचा. त्याला पाहून उबाल्दो म्हणाला, "निकोदेमोकाका, तुम्ही कुठे निघालात? लंडनला?"

"जाईन तिथे जाईन. तू आधी तुझा वस्तरा सांभाळ," काका म्हणाला आणि पहिल्या बाकावर बसला.

तो का आला हे बाईंना ठाऊक होतं, कारण ते पत्र त्यांनीच त्याला वाचून दाखवलं होतं.

काकाची एकुलती एक लेक लोरेदाना. ती नर्स होऊन बेडफर्डला गेली, तिथल्याच ग्रॅहम टकवेल नावाच्या बस ड्रायव्हरशी तिने लग्न केलं, हॅटी नावाची मुलगी झाली. अडतिसाव्या वर्षी लोरेदाना दुखण्याने गेली. मला आईशेजारी ठेवा, असं तिने शेवटी सांगितलं होतं. ग्रॅहमने तोंडातून ब्र न काढता तिला इथे पाठवलं. दफनभूमीच्या भिंतीत, जिथे इकडे शवपेट्या ठेवतात, आईच्या कप्प्याशेजारचा कप्पा तिला मिळाला. काकाने स्वतःच्या हाताने दगड घडवला, चिनीमातीवरचा तिचा हसरा फोटो बसवला आणि नाव कोरलं: लोरेदाना दि ब्यासे, निकोदेमो आणि आस्सुंता यांची कन्या.

पुढच्या उन्हाळ्यात ग्रॅहम सहा वर्षांच्या हॅटीला घेऊन आला. पोर भिंतीवर टकवेल हे नाव शोधत राहिली. तिला सापडेना. शेवटी फोटो दिसला तेव्हा तिने बापाला काहीतरी विचारलं आणि बापाचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी रविवार. काकाने मेंढीचं मांस काड्यांना लावून ठेवलेलं, शेजारणीने शेवया केलेल्या. ते दोघं जेवणाआधीच निघून गेले. काकाला वाटलं, ऊन सोसलं नसेल.

मग पत्र आलं. बाईंनी ते वाचलं: "आम्ही तिचे कुणीच नव्हतो असं तुम्ही दगडावर लिहिलंत. माझी मुलगी मला विचारते, आई आपली नव्हती का?"

काका खुळ्यासारखा पाहत राहिला. "बाई, हा काय म्हणतो? आपल्याकडे बाई जन्मते त्या नावाने मरते. माझ्या आस्सुंताच्या दगडावरही तिच्या बापाचंच नाव आहे. मी का तिचा कुणी नव्हतो?"

"त्यांच्याकडे लग्नात नवऱ्याचं नाव घेतात, काका. ती तिथे टकवेल होती."

काकाने पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, "पन्नास वर्षांत दगडावर एक अक्षर चुकलो नव्हतो."

उत्तर मी इंग्रजीत लिहून देते, असं बाईंनी दहादा सांगितलं. तो ऐकेना. "चुकलो मी. सांगणारही मीच, माझ्या तोंडाने. तुम्ही फक्त वाक्य शिकवा." त्याला एवढंच म्हणायचं होतं: मला ठाऊक असतं, तर तुमचं नावही मी कोरलं असतं. माझं चुकलं.

आता हे वाक्य म्हणजे जर-तरमधलं सगळ्यात अवघड दुखणं. होऊन गेलेल्या, आता बदलता न येणाऱ्या गोष्टीचं. आणि काकाच्या जिभेवर वयाच्या त्र्याहत्तर वर्षांची बोली. 'वुड' दोनदा यायचाच. मंगळवारी लाल रेघ, गुरुवारी लाल रेघ. घोकून घेतलं की वर्गात एकदा बरोबर म्हणायचा; दाराशी पोचेपर्यंत पुन्हा तेच. वर्गात इस्पितळातल्या नोकरीची तयारी करणारी सामांता नावाची मुलगी होती. तिला एकदा राहवलं नाही.

"बाई, जाऊ द्या ना. तो माणूस समजून घेईल. काकांना करू दे फोन."

"समजून घेतील आणि मागे हसतील," बाई म्हणाल्या. "मला माहितेय ते कसे हसतात."

आणि गंमत अशी की काका बाईंच्याच बाजूने होता. "पोरी, दगडाचंही असंच असतं. आधी पेन्सिलीने लिहायचं, दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्यायचं, मग छिन्नी लावायची. लोरेदानाच्या वेळी मी कुणाकडून वाचून घेतलं नाही. एकदा चूक केली, तीच सांगायला दुसरी चूक घेऊन जाऊ?"

असे दोन हिवाळे गेले. दोघंही एकापेक्षा एक हट्टी, आणि दोघांचाही हट्ट चांगुलपणाचा. त्याला आवरणार कोण? काकाचा खोकला वाढला. वाचताना मध्येच थांबावं लागे. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी त्याने वाक्य वाचलं. पहिला 'वुड' तसाच होता. पण या वेळी वही पुढे करून तो म्हणाला, "बाई, आता चालेल का?"

बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते. क्षणभर त्यांचा हात डब्याकडे गेला. मग सवयीने पेन्सिलच उचलली गेली.

"अजून एक गुरुवार, काका. जवळ आलंय."

"बरं," काका म्हणाला.

मंगळवारी तो गेला. इकडे दोन दिवसांत माती देतात. बेडफर्डहून कुणी पोचणं शक्य नव्हतं. गावच्या भिंतींवर निधनाची खबर देणारा काळ्या काठाचा कागद लागला, तो मजकूर बाईंनी लिहिला. जवळच्या माणसांत पहिलं नाव घातलं जावई ग्रॅहम टकवेल, दुसरं नात हॅटी टकवेल. मग त्यांनी बेडफर्डला फोन केला. बैल गेला आणि झोपा केला, त्यातलीच ही गत.

तिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला ग्रॅहम आला. उंच, वाकलेला, पावसाळी कोट घातलेला. सोबत हॅटी, आता आठ वर्षांची, आईचीच भुवई घेऊन आलेली. प्रार्थना झाल्यावर बाई त्यांना काकाच्या कारखान्यात घेऊन गेल्या, किल्ली त्यांच्याकडेच होती. कोपऱ्यात गोणपाटाखाली नवा दगड होता. बाईंनाही ठाऊक नव्हता. लोरेदाना दि ब्यासे एवढं कोरलेलं, घासून गुळगुळीत केलेलं. त्याखाली टकवेल हे नाव नुसत्या पेन्सिलीने लिहिलेलं. अक्षरन् अक्षर मापात.

"हे कोरलं का नाही त्यांनी?" ग्रॅहमने विचारलं.

"कुणीतरी मोठ्याने वाचायला हवं होतं आधी," बाई म्हणाल्या. "तुमची वाट पाहत होते."

हॅटीने ते नाव मोठ्याने वाचलं. बरोबर आहे, म्हणाली. पण आता छिन्नी चालवणारा कोण होता गावात!

ग्रॅहम दगडाशेजारच्या ओट्यावर बसला. "ते फोन करायचे," तो म्हणाला. "रविवारी दुपारी."

बाईंनी विचारलं, "कोण? काका?"

"नंबर इथला असायचा. उचलला की खोकला ऐकू यायचा, मग नुसता श्वास. मी म्हणायचो, 'निकोदेमो, तुम्हीच ना?' पलीकडे काहीतरी सुरू व्हायचं, 'इफ' एवढं ऐकू यायचं आणि थांबायचं. मला वाटलं, त्यांना हॅटीचा आवाज ऐकायचाय. मग मी फोन तिच्याकडे द्यायचो. ती शाळेतलं काहीबाही सांगायची. तिचं झालं की ते ठेवून द्यायचे."

"तुम्ही का नाही आलात?"

"मी रागाच्या भरात ते पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. वाटलं, फोन करतात पण बोलावत नाहीत, म्हणजे मी नकोय." त्याने बोटाने पेन्सिलीच्या अक्षरांना हात लावला, मग पुसतील म्हणून काढून घेतला. "एक शब्द बोलले असते तरी मी निघालो असतो. कुठल्याही भाषेतला."

बाईंनी त्याला सगळं सांगितलं. वाक्य, दोन हिवाळे, तो शेवटचा गुरुवार. "मीच म्हटलं त्यांना, अजून नाही. चालेल का असं त्यांनी विचारलं होतं मला." चौतीस वर्षं शिकवलेली भाषा त्या बोलत होत्या, एकही चूक न करता, आणि त्या बिनचूकपणाची त्यांना शरम वाटत होती. ग्रॅहम हसला नाही. "मनाला लावून घेऊ नका," एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

बाईंनी सोबत आणलेली वही हॅटीने पाहिली. "ही आजोबांची?"

बाईंनी शेवटचं पान उघडून दिलं. पाथरवटाचं अक्षर, टपोरं, छिन्नीने काढल्यासारखं. हॅटीने एका दमात वाचलं. कुठे अडखळली नाही.

"म्हणजे आजोबांना माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "माहीत असतं तर त्यांनी आमचं नाव घातलं असतं. असंच ना?"

"हो गं बाळा. असंच."

हॅटीने बाहीने नाक पुसलं. पुन्हा पानाकडे पाहिलं आणि एका शब्दाखाली बोट ठेवलं.

"मग इथे ही लाल रेघ कशाला मारलीय?"