एक डोळा उघडा

जुन्या ट्रॅक्टरच्या धंद्यात मी पंचवीस वर्षं काढली, त्यातली निम्मी एका डावावर. मालकाने किंमत सांगितली की मी उजव्या हाताने कपाळ धरायचो, डोळे मिटायचो आणि 'आई गं' म्हणत जवळच्या टायरवर बसायचो. बोलायचं काही नाही. मालक गडबडायचा, पाणी मागवायचा, आणि पाण्याचा तांब्या येईपर्यंत किंमत थोडी खाली आलेली असायची. हा डाव मला कुणी शिकवला नाही. गॅरेजमध्ये पाने पुसणारा मी, मुरगूडला स्वतःच्या जागेत ट्रॅक्टर उभे करण्यापर्यंत आलो तो असंच काहीबाही जुळवत. पण गेल्या वर्षी खरोखर डोकं धरायची वेळ आली, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला कुणी उरलं नव्हतं.

पहिली कळ आली तेव्हा मी चहा पीत होतो. उजव्या कानाच्या वर कुणी दाभण खुपसावं आणि लगेच ओढून काढावं, तसं झालं. तीन-चार सेकंद. कप हातातून पडला. नंतर काहीच नाही. चक्कर नाही, डोकं जड नाही. मग दिवसातून पाच-सहा वेळा व्हायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी चष्मा दिला. दोन्ही झालं, कळ येतच राहिली. कुणाला सांगायला जावं तर पहिला प्रश्न, "किती वेळ दुखतंय?" चार सेकंद म्हटलं की माणसं हसायची. मला मात्र खात्री वाटत होती की आत गाठ आहे.

त्यातच शिरोळला एक ट्रॅक्टर बघायला गेलो. बरोबर मेव्हणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. याला धंदा मी शिकवला, पाना हातात धरण्यापासून. पुरात बुडालेला ट्रॅक्टर धुऊनपुसून नवा करून विकतात, म्हणून मी डॅशबोर्डच्या मागे बोट घालून गाळ चाचपत होतो. तेवढ्यात कळ आली. मी खाली मातीतच बसलो.

मेव्हणा मालकासमोर म्हणाला, "दाजी, पावण्यांनी अजून दर बी सांगितला न्हाय. आधीच डोकं धरलंसा व्हय?"

मालक हसला, त्याची माणसं हसली. मी उठून मडगार्डवर अशी थाप मारली की माझाच हात सुजला. जे तोंडाला आलं ते बोललो आणि सौदा मोडून निघालो. परतताना गाडीत त्याला म्हटलं, "उद्या मला कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरकडं ने."

त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. "दाजी, माझ्यासंगं बी नाटक?"

ते वाक्य अजून माझ्या पोटात आहे. दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. मी आणि बायको एसटीने गेलो. वाटेत दोनदा कळ आली. ती खिडकीतून बाहेर बघत होती. हिलाही खोटं वाटतंय, असं मी धरून चाललो. भांडायचं त्राणही नव्हतं.

दवाखान्यात सकाळपासून बसलो, नंबर लागला दुपारी. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "दहापैकी किती दुखतं?"

"पंधरा."

"काका, दहाच्या आत सांगा."

"तुम्ही किती धरता?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. आयुष्यभर वाढवून सांगितलं, समोरचा कमी करणारच म्हणून. खरा आकडा सरळ कसा सांगायचा असतो ते मला आठवेना. त्यांनी बायकोला विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं? खरंच इतकं दुखतं यांना?"

मी मान खाली घातली. आता ही काय बोलणार ते मला ठाऊक होतं.

"खरं हाय, डॉक्टरसाब," ती म्हणाली. "घरच्या खिडकीतनं मी अंगणातलं सौदं इतकी वर्सं बघतीया. ह्यांचं नाटक असलं की एक डोळा उघडा असतोय, बारीक. समोरचा दरात कुठवर खाली आला ते बघायला. आता दोन्ही डोळं गच्च मिटत्यात."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. त्या खोलीत मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी उगाच पंख्याकडे बघत बसलो.

मेंदूचा फोटो काढला. त्यात काही नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं : अशा कळा असतात, फोटोत दिसत नाहीत, तुमच्यात धोक्याचं काही सापडलं नाही; गोळ्या घ्या, आणि दुखण्याची तऱ्हा बदलली तर लगेच या. जिना उतरताना मधेच थांबलो. दोघं पायरीवरच बसलो.

तेवढ्यात मेव्हण्याचा फोन. "काय निघालं?"

"काय न्हाय."

"बघा की! म्या म्हणतच हुतो."

मी फोन बंद केला. गाठ निघाली असती तर हा धावत आला असता. काही निघालं नाही, म्हणून मी खोटा.

आता कळा कमी आहेत, गेलेल्या नाहीत. मेव्हणा अजून धंद्यात आहे. आम्ही क्लच प्लेटबद्दल बोलतो, हायड्रॉलिकबद्दल बोलतो, त्यापलीकडे नाही. तो जुना डाव मी सोडला. लोक किंमत सांगतात, मी जमलं तर घेतो, नाहीतर चालू लागतो. घासाघीस करायचा कंटाळा येतो.

परवा अंगणात ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून उभा होतो आणि दाभण घुसलं. बॉनेटची कड धरून तसाच थांबलो. डोळे उघडले तेव्हा बायको शेजारी उभी होती, शेंगांचं सूप कडेवर धरून. एक हात माझ्या पाठीवर.

"गेली?"

"गेली."

ती परत शेंगा निवडायला बसली.