घळीत उतरायचा दिवस
मधाच्या पोळ्याचं मेण तापल्याचा वास आला की मला अमळनेरच्या वसतिगृहातली आमची खोली आठवते. सातपुड्याच्या अभयारण्यातली एक खोल, अवघड घळ उतरायचा बेत आम्ही चौघे तिथे आखत होतो. खाटेवर नकाशा, शेजारी कुणाच्या तरी विहिरीवरून मागून आणलेला, तापवलेलं मेण चोळलेला मोटेचा जाड दोर, म्हणजे नाडा. दारावर मध विकायला येणारे, त्याच डोंगराकडचे एक आबा नकाशात डोकावून पुन्हा पुन्हा विचारत, "दिन पक्का सांगा भाऊ, कोन्ता दिन जाशात?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. यांना आमच्या दिवसाशी काय करायचंय? वाटेत गाठून लुटायचा डाव तर नाही? मी "रविवारी" असं ठोकून दिलं आणि आम्ही शनिवारीच गेलो. घळीच्या मध्यावर पोचलो, तर वरच्या कड्यावरून धूर खाली आला आणि त्यामागून आग्या मोहोळाच्या माश्या. सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून वर पाहिलं. कड्यावर दोराला लटकून, धुमसता पाला हातात धरून आबा ओरडत होते, "तुम्ही त रविवार सांगेल व्हता ना!" आम्हाला रविवारी त्रास नको म्हणून त्यांनी पोळी आदल्या दिवशी काढायला घेतली होती. एवढं सोसूनही आज कुणी प्रवासाचा दिवस विचारला की माझ्या तोंडी आधी खोटाच दिवस येतो.