देवकाबाईची खरवडणी

सौंदडच्या टिकाराम लोहाराचा हात लुळा पडला, तेव्हापासून विळे घडवले ते त्याच्या बायकोने, देवकाबाईने. झिजलेल्या कानशीपासून तिने खरवडणी हे तासायचं हत्यार बनवलं. पात्याला पाणी देण्याआधी, पोलाद मऊ असतानाच ती ते खरवडून पातळ करी. नाव मात्र टिकारामचंच झालं.

त्याच्या तेरवीला शेजारचा गोवर्धन हळहळला, "असा इळा आता कुठी भेटते!"

देवकाबाईला राहवलं नाही. "तुमच्या घरचा इळाबी मीच बनवला, भाऊजी. तीन सालापासून मीच बनवून राहिली."

पंगतीत कुजबुज उठली. म्हणे, बाईने घडवलेला विळा धानाला लावला की बरकत जाते. आणि धान कापतं कोण? बायकाच!

सकाळी तिच्या दारात विळ्यांचा ढीग पडला होता. धार एकाचीही गेली नव्हती.